भिंगावरचा जांभळा थर: मॅग्नेशियम फ्लोराइड पहिल्यांदा हाताळणाऱ्यांसाठी

कॅमेऱ्याचं किंवा दुर्बिणीचं जुनं भिंग दिव्याखाली तिरकं धरून बघा. त्यात दिव्याचं जे प्रतिबिंब दिसतं ते पांढरं नसतं, जांभळट असतं. हा काचेचा रंग नव्हे. काचेवर जेमतेम 100 नॅनोमीटर जाडीचा एक थर बसवलेला असतो, त्याची ही करामत. हा थर बहुतेक वेळा मॅग्नेशियम फ्लोराइडचा असतो, सूत्र MgF₂, म्हणजे मॅग्नेशियमच्या एका आयनामागे फ्लोरिनचे दोन.

प्रयोगशाळेत किंवा कोटिंगच्या विभागात नवीन आलेल्या माणसाच्या हाती पहिल्यांदा जो पदार्थ पडतो तो बहुधा हाच. तो तसा सोशिक आहे, चुका पोटात घालतो. पण दोन गोष्टींवर अडून बसतो: काच पुरेशी तापलेली हवी आणि तुम्हाला घाई नको. खाली जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं या दोन अटींभोवतीच फिरतं.

पहिली पायरी: पदार्थाची ओळख करून घ्या

शुद्ध मॅग्नेशियम फ्लोराइड पांढऱ्या भुकटीच्या रूपात मिळतो, नाहीतर रंगहीन पारदर्शक खड्यांच्या. घनता 3.15 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, वितळण्याचं तापमान 1260 अंश सेल्सियसच्या आसपास. निसर्गातही तो सापडतो, पण क्वचित. त्या खनिजाला सेलाइट म्हणतात, इटलीचे खाण-अभियंते आणि राजकारणी क्विंतिनो सेला यांच्या नावावरून. कामासाठी मात्र तो कारखान्यातच तयार करतात. मॅग्नेशियम ऑक्साइड किंवा कार्बोनेटवर हायड्रोफ्लोरिक आम्लाची क्रिया केली की तो खाली बसतो.

फ्लोराइड म्हटलं की लोकांना टूथपेस्ट आठवते. तिच्यात बहुधा असतो तो सोडियम फ्लोराइड, आणि त्याचा स्वभाव अगदी वेगळा. तो एक लिटर पाण्यात सुमारे 40 ग्रॅम विरघळतो. मॅग्नेशियम फ्लोराइड तेवढ्याच पाण्यात जेमतेम 0.13 ग्रॅम. भिंगावर दव पडलं, पावसाचे थेंब पडले तरी थर जागचा हलत नाही तो यामुळे. लिथियम फ्लोराइड अतिनील प्रकाश पार करण्यात याच्याहून थोडा सरस आहे, पण पाण्यात दहापट विरघळतो, म्हणून त्याला दमट हवेत जपावं लागतं. क्रायोलाइट या आणखी एका फ्लोराइडचा अपवर्तनांक (प्रकाश पदार्थात किती मंदावतो त्याचं माप) आणखी कमी, पण तो मऊ. कॅल्शियम फ्लोराइड पाण्याला सर्वात चिवट, पण त्याचा अपवर्तनांक 1.43, म्हणजे या कामासाठी जरा जास्तच. सगळ्यांची गोळाबेरीज केली की गाडी मॅग्नेशियम फ्लोराइडवर येऊन थांबते.

दुसरी पायरी: काम कोणतं ते आधी ठरवा

याच पदार्थाचे तीन निरनिराळे उपयोग नवख्यांच्या डोक्यात एकमेकांत मिसळतात, म्हणून आधी ते सुटे करू.

पहिला उपयोग भिंगावरून होणारं परावर्तन कमी करण्याचा. हा लेख मुख्यतः त्याबद्दलच आहे.

दुसरा, ॲल्युमिनियमच्या आरशावर झाकण म्हणून. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडची साय धरते आणि ती 200 नॅनोमीटरच्या खालचा अतिनील प्रकाश गिळून टाकते. म्हणून ॲल्युमिनियम चढवल्या चढवल्या, व्हॅक्यूम न मोडता, त्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा पातळ थर देतात. 1990 साली अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा 2.4 मीटरचा आरसा असाच आहे. त्याच्यावरचा हा थर सुमारे 25 नॅनोमीटरचा. हायड्रोजनची 121.6 नॅनोमीटरची रेषा हबलला दिसू शकते, त्यात या थराचा मोठा वाटा आहे.

तिसरा उपयोग खिडकीचा. एकसंध स्फटिक कापून, पॉलिश करून त्याच्या चकत्या करतात आणि त्या ड्युटेरियमच्या दिव्यांना किंवा अतिनील उपकरणांना बसवतात. साधारण 0.12 मायक्रोमीटरपासून ते 7-8 मायक्रोमीटरपर्यंत प्रकाश यातून पार जातो. साधी काच अतिनीलच्या उंबरठ्यावरच अडते, हे लक्षात घेतलं तर ही मजल केवढी आहे ते कळेल.

खिडकी हाती आली असेल तर तिच्या दोन खोडी माहीत असू द्या. हा स्फटिक द्विअपवर्तनी आहे: पिवळ्या प्रकाशाला एका दिशेने 1.378 आणि दुसऱ्या दिशेने 1.390 असे दोन अपवर्तनांक दाखवतो. ध्रुवित प्रकाशाचं काम असेल तर प्रकाश स्फटिकाच्या मुख्य अक्षाच्या दिशेनेच जाईल अशी कापलेली चकती मागा, नाहीतर मोजमापात येणारा घोळ महिनाभर सापडणार नाही. दुसरी खोड म्हणजे तापवल्यावर तो निरनिराळ्या दिशांना कमीजास्त प्रसरण पावतो. त्यामुळे तापवणं आणि थंड करणं, दोन्ही सावकाश. आणि चकतीच्या सपाट भागावर बोट लावलंत तर तुमच्या डोळ्याला काहीच दिसणार नाही, पण अतिनील प्रकाशाला त्या तेलकट ठशाची भिंत लागेल.

तिसरी पायरी: कागदावर हिशेब

कोटिंगच्या यंत्रात पदार्थ व्हॅक्यूममध्ये तापवतात आणि त्याची वाफ वर लावलेल्या काचांवर बसते. त्या यंत्राला हात लावण्याआधी दहा मिनिटं कागद-पेन्सिल घेऊन बसा.

साध्या काचेचा अपवर्तनांक 1.52 धरला तर प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4.3 टक्के प्रकाश परत फिरतो. एका पृष्ठभागापुरतं हे किरकोळ वाटतं. पण पाच भिंगांच्या कॅमेऱ्यात असे दहा पृष्ठभाग असतात आणि शेवटी 65 टक्केच प्रकाश पलीकडे पोचतो. हरवलेला प्रकाश नुसता हरवला असता तरी चाललं असतं. तो आतल्या आत उसळत राहतो आणि चित्रावर धूसर पडदा धरतो, हे खरं दुखणं.

आता काचेवर असा थर द्या की थराच्या वरच्या बाजूने परतलेली लाट आणि काचेच्या सीमेवरून परतलेली लाट एकमेकींच्या विरुद्ध पडतील. त्यासाठी थराची जाडी तरंगलांबीच्या पाव हिश्शाएवढी लागते, पण ती तरंगलांबी थराच्या आतली धरायची. डोळ्याला सर्वात जास्त जाणवणारा हिरवा प्रकाश 550 नॅनोमीटरचा. मॅग्नेशियम फ्लोराइडचा अपवर्तनांक 1.38. म्हणून 550 भागिले (4 गुणिले 1.38), उत्तर 99.6. ते 100 नॅनोमीटर कुठून आले, हे आता कळलं असेल.

दोन्ही लाटा एकमेकींना पूर्ण खोडून काढायच्या तर थराचा अपवर्तनांक काचेच्या अपवर्तनांकाच्या वर्गमुळाएवढा हवा. 1.52 चं वर्गमूळ 1.23. इतका कमी अपवर्तनांक असलेला टिकाऊ घन पदार्थच नाही, 1.38 वर भागवावं लागतं. तरी 4.3 चे 1.3 टक्के होतात आणि त्या पाच भिंगांतून 88 टक्के प्रकाश बाहेर पडतो. गंमत अशी की काच जितकी जड, म्हणजे तिचा अपवर्तनांक जितका जास्त, तितका हा थर अधिक चोख काम करतो. 1.80 अपवर्तनांकाच्या काचेवर मुळात 8 टक्क्यांहून जास्त परावर्तन होतं, आणि याच एका थराने ते 0.1 टक्क्याच्याही खाली येतं. म्हणून आधी काच कोणती ते विचारा. समोरचा म्हणेल, काच म्हणजे काच. तसं नसतं.

माल किती लागेल, हाही हिशेब करा. वाफ अर्ध्या गोलात सारखी पसरते असं धरलं आणि काचा 40 सेंटिमीटरवर असल्या, तर 100 नॅनोमीटरच्या थराला सुमारे 0.3 ग्रॅम पदार्थ पुरतो. प्रत्यक्षात एक ग्रॅमच्या आसपास भरा. कारण सगळा माल संपेपर्यंत तापवत राहिलं की शेवटी भांड्याचीच घाण काचेवर येऊ लागते.

चौथी पायरी: भुकटी नको, खडे घ्या

माझा पहिला रन, म्हणजे थर चढवण्याची पहिली खेप, भुकटीमुळे वाया गेला. कपाटात भुकटी होती, खडे मागवायला वेळ लागणार होता, मी म्हटलं पदार्थ तर तोच आहे. पदार्थ तोच, पण भुकटीच्या कणांमध्ये हवा आणि ओल अडकलेली असते. तापल्यावर ती एकदम सुटते आणि भुकटी लाह्यांसारखी उडते. बारा काचांपैकी एकही काच पांढऱ्या ठिपक्यांशिवाय निघाली नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते माझ्यासारख्यांना बघूनच.

आधी वितळवून गोठवलेले 1 ते 3 मिलिमीटरचे पारदर्शक खडे मागवा. खडा दुधाळ दिसला तर त्यात ऑक्साइड किंवा ओल आहे असं समजा. डबी उघडल्यावर लगेच बंद करा आणि कोरड्या जागी ठेवा. एकदा तापवलेले उरलेले खडे पुन्हा त्याच डबीत टाकू नका.

पाचवी पायरी: काच धुणं

या पायरीचा सगळ्यांना कंटाळा येतो, आणि बहुतेक थर इथेच बिघडतात. सौम्य साबणाचं कोमट पाणी, मग साधं पाणी, मग डिआयोनाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. सोय असेल तर अल्ट्रासॉनिक टाकीत पाच मिनिटं. काच नेहमी कडेने धरायची, हातमोजे पावडर नसलेले.

काच स्वच्छ झाली का, हे तपासायची सोपी युक्ती म्हणजे तिच्यावर श्वास सोडणं. वाफेचा पडदा सगळीकडे सारखा धरला आणि सारखाच उडाला तर काच स्वच्छ. ओरखडे, बेटं, रेघा दिसल्या तर परत पहिल्यापासून. श्वासाची खूण राहते म्हणून ही परीक्षा एका नमुन्याच्या काचेवर घ्या, बाकीच्या तशाच चेंबरमध्ये जाऊ द्या.

सहावी पायरी: बोट, व्हॅक्यूम आणि उष्णता

पदार्थ ज्या धातूच्या पन्हाळीत तापवतात तिला सगळे बोट म्हणतात. नावाड्याची बोट, हाताचं नव्हे. पण नव्या माणसाला पहिला धडा हाच देतात की बोटीला बोट लावू नकोस. मॉलिब्डेनम, टँटॅलम किंवा टंगस्टन, तिन्ही चालतात. नवीन बोट आधी रिकामीच तापवून घ्या. त्या वेळी चेंबरमध्ये काच नको.

काचा वर लावा, चेंबर बंद करा, पंप सुरू करा. दाब एका मिलिबारच्या एक लाखाव्या भागापर्यंत किंवा त्याखाली यायला हवा. एवढ्या विरळ हवेत वाफेचा रेणू कशावरही न आदळता काही मीटर जाऊ शकतो, म्हणजे बोटीतून निघालेला सरळ काचेवर पोचतो.

पंप चालू असतानाच काचा तापवायला लागा. लक्ष्य 250 ते 300 अंश सेल्सियस. या आकड्यात काटकसर करू नका, आणि का ते समजून घ्या. थंड काचेवर पडलेला रेणू जिथे पडतो तिथेच चिकटतो. अशा रेणूंचे खांब उभे राहतात, खांबांमध्ये पोकळ्या राहतात. तो थर चांगला दिसतो, मापातही बरोबर असतो, पण मऊ कापडाने पुसला तरी निघून येतो. वर पोकळ्यांत हवेतली ओल शिरते आणि अपवर्तनांक बदलत राहतो. तापलेल्या काचेवर रेणूंना थोडं सरकायला बळ मिळतं, ते नीट दाटीवाटीने बसतात आणि थर कणखर होतो.

इतिहासातही हेच घडलं. 1892 साली ब्रिटिश भिंगतज्ज्ञ हॅरल्ड डेनिस टेलर यांच्या लक्षात आलं की हवेने डागाळलेलं जुनं भिंग नव्यापेक्षा जास्त प्रकाश पार करतं. 1935 मध्ये जर्मनीत झाइस या भिंगांच्या कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी व्हॅक्यूममध्ये थर चढवण्याची पद्धत बसवली, 1936 मध्ये अमेरिकेत जॉन स्ट्राँग यांनी कॅल्शियम फ्लोराइडचा थर देऊन दाखवला. सुरुवातीचे हे थर नाजूक होते. मॅग्नेशियम फ्लोराइड आणि तापवलेली काच यांची जोडी जमली, तेव्हा कुठे थर दिलेलं भिंग माणसाच्या हातात द्यायच्या लायकीचं झालं.

प्लॅस्टिकच्या चष्म्याचं काय, असा प्रश्न हमखास येतो. प्लॅस्टिक 250 अंशांना तग धरत नाही, म्हणून तिथे हा पदार्थ लंगडा पडतो आणि सिलिकॉन डायऑक्साइडसारखे ऑक्साइड वापरतात. काही जण थंड काचेवर आयनांचा मारा करून थर दाबून बसवू पाहतात. ऑक्साइडला ते मानवतं. फ्लोराइडमधून मात्र आयनांचा मारा फ्लोरिनच उडवून लावतो आणि थर प्रकाश शोषू लागतो, विशेषतः अतिनील भागात. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

सातवी पायरी: थर चढवणं

शटर (बोट आणि काचा यांच्यामधला सरकता पडदा) बंद ठेवून बोटीचा करंट हळूहळू वाढवा. मधे मधे थांबा. दाबाचा काटा वर उसळेल, तो खाली बसू द्या. खड्यांतली ओल निघून जाते आहे. बोट नारिंगी होऊ लागली की खिडकीतून काळ्या काचेआडून बघा: खडे कडेने गोल होतात, मग शांत पसरतात. हा पदार्थ त्याच्या वितळण्याच्या तापमानाच्या आसपासच भरपूर वाफ देऊ लागतो, त्यामुळे याहून जोर लावायची गरज नसते. ऑक्साइडच्या थराला लागतो तसा ऑक्सिजन इथे सोडायचा नाही.

वेग सेकंदाला 0.5 ते 1 नॅनोमीटर स्थिर झाला की शटर उघडा. दोन-तीन मिनिटांत काम आटोपतं. जाडी क्वार्ट्झ क्रिस्टल मॉनिटर दाखवतो, पण तो स्वतःवर पडलेली जाडी दाखवतो, काचेवरची नाही. दोन्हींचं प्रमाण तुमच्या यंत्रापुरतं एकदा मोजून काढावं लागतं. ज्यांच्याकडे प्रकाशाने मोजणारा मॉनिटर आहे ते नशीबवान: परावर्तन कमी कमी होत जातं, तळाला टेकतं आणि परत वाढायला लागतं. तळाला टेकलं तिथे शटर बंद.

मग हीटर बंद करा आणि हात बांधून बसा. काचा 100 अंशांच्या पुष्कळ खाली येईपर्यंत चेंबरमध्ये हवा सोडू नका. हा थर मुळात ताणात असतो. गरम काचेवर गार हवेचा झोत आला तर थराला केसासारखे तडे जातात, कधी काचच जाते. या ताणामुळेच मॅग्नेशियम फ्लोराइडचा फार जाड थर देता येत नाही. अवरक्तासाठी कोणी एक मायक्रोमीटर मागितला तर आधीच सांगा की तडकेल.

आठवी पायरी: रंगावरून परीक्षा

काच बाहेर काढली की पांढऱ्या दिव्याचं प्रतिबिंब बघा. मागची बाजू काळी असली तर उत्तम. जांभळा रंग दिसला तर हिरव्याचं परावर्तन मारलं गेलं आणि तांबडं-निळं तेवढं उरलं, म्हणजे जाडी बरोबर. रंग पिवळसर-तपकिरी असेल तर थर पातळ राहिला. निळा असेल तर जाड झाला. काच तिरकी केली की रंग लालसर-पिवळ्याकडे झुकतो, तो दोष नाही, समोरून बघूनच निकाल द्या. सरावलेला माणूस पाच-दहा नॅनोमीटरचा फरक नुसत्या नजरेने सांगतो.

मधे जांभळा आणि कडेला पिवळा दिसला तर काचेच्या कडा बोटीपासून लांब किंवा तिरक्या पडल्या. फिरता होल्डर असेल तर तो फिरतच होता ना, ते बघा. वाटतं तितका हा प्रश्न वेडगळ नाही.

त्यानंतर चिकटपट्टी लावून झटक्यात ओढा. थर निघाला तर काच स्वच्छ नव्हती. मग कापडाने घासा. पट्टीला टिकला पण घासल्यावर ओरखडे पडले तर काच तापली नव्हती. हीटरचा आकडा 280 दाखवत असला तरी काचेचं तापमान 180 असू शकतं, कारण मापक होल्डरला लावलेला असतो. धुरकटपणा दिसला तर दाब किंवा ओलीवर संशय घ्या.

सुरक्षेबद्दल, आणि हे टाळू नका

पाण्यात फारसा विरघळत नाही म्हणून हा पदार्थ निरुपद्रवी ठरत नाही. त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नका, पोटात तर मुळीच नाही. चेंबरच्या भिंतींवर रनमागून रन थर साचतो आणि त्याच्या पापुद्र्यांची पांढरी धूळ होते. चेंबर साफ करताना मास्क, हातमोजे आणि चष्मा हवा. झाडू नाही, योग्य फिल्टर लावलेला व्हॅक्यूम क्लीनर.

खरा धोका आम्लाचा. सल्फ्युरिकसारखं तीव्र आम्ल, विशेषतः गरम, या पदार्थाला भेटलं की हायड्रोजन फ्लोराइड वायू सुटतो. पाण्यात तो हायड्रोफ्लोरिक आम्ल होतो. ते त्वचेतून आत जातं, शरीरातलं कॅल्शियम पकडतं, आणि सौम्य असेल तर वेदना कित्येक तासांनी सुरू होतात. बिघडलेला थर आम्लाने उतरवायची कल्पना प्रत्येक नवख्याला एकदा तरी सुचते. ते काम त्यासाठी तयार असलेल्या धूरकपाटातच, कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी ठेवून, शिकलेल्या माणसानेच करायचं. इतरांनी काच पुन्हा पॉलिशला पाठवावी. आम्लाच्या बाटल्या आणि फ्लोराइडच्या डब्या एकाच कप्प्यात ठेवू नका. आणि चेंबरमधली साचलेली धूळ सिंकमध्ये न धुता झाकणाच्या डब्यात भरून, वर नाव लिहून, रासायनिक कचऱ्यात द्या.